पायाचं वर्ष

पायाचं वर्ष म्हणतात याला,
पण काम सगळं हाताचं.
आणि माझ्या डाव्या हाताला बोटं साडेतीन.
उरलेली दीड कागदाच्या गिरणीत गेली,
एका रात्रपाळीला,
रोल गुंडाळणाऱ्या यंत्राच्या ओठांत.

गिरणी बंद झाली तेव्हा थंडर बेच्या कचेरीत
नव्या शिक्षणाची यादी मिळाली:
वेल्डिंग, ट्रक, हिशेब, म्हाताऱ्यांची शुश्रूषा.
अगदी तळाशी, जवळजवळ समासाबाहेर:
चित्र आणि डिझाइन, एक वर्ष.
मी खूण केली.
खिडकीतली बाई म्हणाली, "चुकून झाली का?"
"हो," म्हणालो, "राहू दे आता."

सव्वीस वर्षं मी कागद केला.
मैलोन् मैल, पांढरा, गरम, ओलसर वासाचा.
त्यावर कधी रेघ ओढली नाही,
पगाराच्या दिवशीची सही सोडली तर.

वर्गात सतरा पोरं आणि मी.
बाई देल्फीन त्रोतिए, माझ्या लेकीच्या वयाची.
म्हणाली, कागदाकडे बघायचं नाही.
नजर आपल्या हातावर,
आणि नजरेच्या मागोमाग पेन्सिल,
मुंगीच्या चालीनं.
वीस मिनिटांत माझी मान आखडली.
मग पाहिलं तर
त्या गुंतवळात बोटं पाच.
पुरती पाच, नखांसकट.

देल्फीन वाकली. आधी हात पाहिला, मग चित्र.
"दिसलं ते नाही काढलंत, आर्वो,
माहीत होतं ते काढलंत."
(हे ती सगळ्यांनाच सांगते,
पण ते मला नाताळानंतर कळलं.)

जानेवारीत तिनं टेबलावर खुर्च्यांचा ढीग रचला.
खुर्ची काढू नका,
खुर्चीच्या पायांमधली हवा काढा.
ब्रेडन पुटपुटला, हवेचे पैसे भरलेत आपण.
मी दिवसभर हवा काढत बसलो.

फेब्रुवारीत बसथांब्यावर
सुपीरियरवरचा वारा माझ्या चित्रांच्या थैलीत शिरला
आणि मला शिडासारखा ओढत
दोन दुकानं पलीकडे घेऊन गेला.
बस गेली.

शेजारी तानिस मीकिस बसते, एकोणीस वर्षांची.
तिच्या गावाला रस्ता नाही, विमानानं जावं लागतं.
तिचा कागद ओला झाला की फुगायचा,
माझा नाही.
म्हटलं, कागदाला रोख असतो, पोरी.
फाडून बघ: असा सरळ फाटतो,
असा आडवा फाडलास तर रडतो.
तिनं फाडला. हसली. पुन्हा फाडला.
तासाभरात अख्खा वर्ग फाडत होता,
आणि देल्फीन मागच्या बाकावर बसून
वहीत काहीतरी उतरवून घेत होती.

मग तानिसनं विचारलं, "लाकूड कुठून यायचं?"
मी उत्तरेकडे बोट केलं.
अर्धं.
"हं," ती म्हणाली, "तिकडून."
आणि पुढचा तुकडा हातात घेऊन
बराच वेळ
फाडला नाही.

एप्रिलमध्ये भिंतीवर सगळ्यांची कामं लागली.
माझा एकच कागद, कोळशानं काळा केलेला.
हात काढलाच नाही मी त्यात.
फक्त बोटांमधली हवा तेवढी पांढरी सोडली,
आणि एका जागी ती हवा
जरा जास्त, दीड बोटभर.

ओरेस्त हावरिलुक आला होता,
आमच्या पाळीचा जुना मुकादम,
टोपी हातात घेऊन, जणू कुणाच्या मयताला आलाय.
खूप वेळ उभा राहिला.
मला वाटलं, आता त्या रात्रीबद्दल बोलेल.
त्यानं चित्राचा कोपरा उचलला,
दोन बोटांत चुरून पाहिला,
नाकाशी नेला.
"आपला नाही."
"नाही."
"कुठला?"
"माहीत नाही. बाहेरचा कुठला तरी."
त्यानं मान हलवली.
मग आम्ही दोघं तिथं उभे राहिलो,
चित्राकडे नाही,
कागदाकडे बघत.